काकांनी अडवून ठेवलेली दीर्घिका

चहाची वाफ खरी असली तर फोटोत धड येत नाही. आली तरी ती कपाच्या डावीकडे जाते आणि ग्राहकाला उजवीकडे हवी असते. म्हणून कपामागे उदबत्ती लपवायची. चहा गारच ठेवायचा, कारण गरम चहावर साय धरते. जाहिरातीतलं आइस्क्रीम म्हणजे पुष्कळदा उकडलेला बटाटा कुस्करून केलेला गोळा, आणि बिस्किटावरची चकाकी खोबरेल तेलाची. हे सगळं मी दिल्लीत आयुष्यभर केलं, त्यावर घर चालवलं, मुलीला शिकवलं, आणि रात्री मला झोपही छान लागत असे.

माझा धंदा वस्तूंचे फोटो काढण्याचा. लग्नाच्या ऑर्डरी मी कधी घेतल्या नाहीत. लग्नात माणसं हलतात, रुसतात आणि मावशीचा फोटो राहिला म्हणून भांडतात. कुकर हलत नाही आणि त्याला मावशी नसते. नव्वदच्या आसपास बाजार खुला झाला आणि नोएडातला प्रत्येक कारखानदार ब्रोशर छापायला निघाला. पंखे, मिक्सर, टीव्ही, बाथरूमचे नळ, काय वाटेल ते माझ्या टेबलावर येऊ लागलं. त्यात नळ सगळ्यात वाईट. तो आरशासारखा असतो, त्यामुळे त्यात कॅमेरा दिसतो आणि कॅमेऱ्यामागची बाईही दिसते. एका नळवाल्याच्या ब्रोशरवर मी छापून आले होते. त्याला ते महिन्याभरानं कळलं. फोन करून अगदी शांतपणे म्हणाला, "मैडम, नल में आप खड़ी हैं. अगली बार साड़ी थोड़ी अच्छी पहनिएगा."

असे ग्राहक पुष्कळ भेटले. पण आपल्या मराठी मंडळाच्या अंकात सगळी पानं कुकर आणि नळ यांवर भरायची माझी हिंमत नाही. म्हणून अशा एका वस्तूबद्दल सांगते, जी मला टेबलावर मांडता आली नाही, जिच्यावर तेल लावता आलं नाही, आणि जिचा फोटो काढण्याचं काम मला एका बाईनं तिच्या नवऱ्याला न सांगता दिलं होतं.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमच्या समोर गोगटे काका-काकू राहत. माझे वडील आणि काका वेगवेगळ्या मंत्रालयांत, पण बस एकच. काका उपसचिव म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असतानाच त्यांनी दुर्बिणीचा आरसा घरी घासून तयार केला होता. व्हरांड्यात एक पिंप उलटं ठेवून, त्यावर काचेची जाड तबकडी ठेवून, ते कित्येक महिने रोज ऑफिसातून आल्यावर ती घासत. काकू म्हणत, एवढं कणीक मळली असती तर सगळ्या कॉलनीचं जेवण झालं असतं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा बाकीच्यांनी शाळा, बाजार, बसस्टॉप बघून घरं घेतली. काकांनी अंधार बघून घेतलं. त्या वेळचं नोएडा म्हणजे सेक्टरांचे नंबर होते, पण सेक्टर यायचे होते. रस्त्यावर खांब होते, दिवे नव्हते. शेजारच्या प्लॉटमध्ये सरसोचं, म्हणजे मोहरीचं, शेत. काकांनी वरच्या मजल्याचा फ्लॅट घेतला, गच्चीवर दुर्बीण बसवली आणि बत्ती गुल झाली की ते टाळ्या वाजवत. काकू मात्र कंटाळल्या होत्या. भाजीवाला येत नाही, मराठी बोलायला चिटपाखरू नाही, आणि लेक पुण्यात. लेकीला नुकतीच मुलगी झाली होती.

तेव्हा काकांनी काकूंना शब्द दिला होता. सर्पिल दीर्घिकेचा, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरते हात असलेल्या अब्जावधी ताऱ्यांच्या पुंजक्याचा, असा एक फोटो माझ्या आरशातून निघू दे, ज्यात ते हात स्पष्ट दिसतात. तो निघाला की आपण बाडबिस्तरा उचलून पुण्याला जाऊ. पुण्यात लेकीच्या सोसायटीची गच्ची कुलपात असते, त्यामुळे दुर्बीण कायमची बंद होणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी शब्द दिला. दोन वर्षं झाली, फोटो काही निघेना.

मी तेव्हा नोएडातच एका गाळ्यात स्टुडिओ थाटला होता. एका दुपारी काकू रिक्षा करून आल्या. टेबलावरच्या इस्त्र्या बाजूला सारून त्यांनी पर्स ठेवली.

"नंदा, तू फोटो काढतेस ना? मग यांच्या त्या भोवऱ्याचा काढ एकदाचा."

"काकू, ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात."

"जाणतात ना. तीच तर पंचाईत आहे," काकू म्हणाल्या. "माणूस तीस वर्षं सरकारात होता. नाही कधी म्हणत नाही. फक्त त्रुटी काढतो."

मला तेव्हा त्यातली मेख कळली नाही. मी आपली पुढच्या शनिवारी कॅमेरा घेऊन गेले. मे महिना होता. काकांनी दुर्बीण सप्तर्षींच्या शेपटीकडे वळवली. शेपटीच्या टोकाला मरीची नावाचा तारा आहे, त्याच्याजवळच ही दीर्घिका. मी डोळा लावला. काळ्या पाटीवर ओल्या बोटाचा ठसा उमटावा आणि तो वाळत यावा, इतपत काहीतरी दिसलं. काकूंना पूर्वी दाखवलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ताकाचा शिंतोडा उडालाय, काच पुसा.

हात डोळ्यांना दिसत नाहीत, फिल्मला दिसतात, हे यातलं गुपित. डोळा क्षणाक्षणाचा उजेड बघून सोडून देतो. फिल्म तो साठवत जाते. कॅमेरा दुर्बिणीला जोडून अर्धापाऊण तास शटर उघडं ठेवलं की त्या शिंतोड्यातून आकार वर येतो. अडचण एवढीच की त्या वेळात पृथ्वी फिरते आणि आकाश सरकतं. म्हणून दुर्बिणीनंही त्याच गतीनं सरकायला हवं. काकांनी त्यासाठी जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर बसवली होती. शिवाय शेजारच्या छोट्या दुर्बिणीतून कुणीतरी एका ताऱ्यावर सतत नजर ठेवायची. तारा मधल्या फुलीवरून हलला, की बटण फिरवून त्याला जागेवर आणायचं. हे काम काकांचं. पाऊण तास मान वाकडी करून, श्वास जपून. जरा हात चुकला की ताऱ्यांच्या अळ्या होतात.

त्या शनिवारी सगळं जुळून आलं. रोल मी माझ्या नेहमीच्या लॅबमध्ये दिला. लॅबचे भाटियाजी माझ्या कुकरांचे रोल डोळे मिटून धुवायचे. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मैडम, रोल तो पूरा ब्लैंक है. अँधेरे में खींचा था क्या?" धावत गेले. निगेटिव्ह धुतली होती आणि कापलीही होती. चौकटींच्या कडा दिसत नाहीत म्हणून कापणाऱ्यानं अंदाजानं कात्री चालवली होती. बरोबर दीर्घिकेच्या मधोमध.

मी रडकुंडीला येऊन काकांकडे गेले. निगेटिव्हचे दोन तुकडे त्यांच्या हातात ठेवले. काकांनी ते खिडकीशी धरले, बराच वेळ बघितले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय यावं? हायसं. परीक्षा पुढे ढकलल्याचं कळलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर येतं, तसं. लगेच त्यांनी चेहरा गंभीर केला आणि म्हणाले, "अरेरे."

त्या अरेरेनं मला सगळं सांगितलं. काकूंच्या 'त्रुटी काढतो' याचा अर्थही तेव्हाच लागला. मग मी पाळत ठेवली. पुढच्या खेपेला काका दुर्बिणीवरचं झाकण काढायला विसरले. त्याच्या पुढच्या खेपेला ऐन मोक्याला त्यांना खोकला आला. एकदा फोटो बऱ्यापैकी आला, तर म्हणाले, "हात दिसताहेत म्हणायला हरकत नाही, पण स्पष्ट म्हणता येतील का? स्पष्ट या शब्दाचा अर्थ आधी ठरवायला पाहिजे." एखाद्या पुलाची फाइल तीन मंत्रालयांतून फिरवून परत आणलेला माणूस, दीर्घिका अडवणं त्याला काय जड? ती तर जागची हलतसुद्धा नव्हती.

माझा व्यावसायिक स्वाभिमान दुखावला. शिवाय काकू दर आठवड्याला फोन करून नात आता काय काय बोलते ते सांगत होत्या. मी माझ्या पद्धतीनं प्रश्न सोडवायचं ठरवलं. काळ्या ताटलीत कडक कोरा चहा ओतला, मधोमध दाट दुधाचा थेंब सोडला, काडीनं हलकेच फिरवलं आणि वरून फोटो घेतला. तारे म्हणून मीठ भुरभुरवलं. इतकी देखणी दीर्घिका निघाली की खऱ्या दीर्घिकेनं लाजावं. काकूंना ती फार आवडली. काकांनी भिंग आणलं, फोटोवर धरलं, आणि एका मिनिटानं मान वर न करता विचारलं, "साखर किती घातली होतीस?"

काकू आत निघून गेल्या. मीही फोटो पिशवीत टाकून घरी गेले.

पण काकू हार मानणाऱ्या नव्हत्या. एव्हाना नोएडा बदलत होतं. रस्त्यावर पिवळे दिवे आले होते, सरसोच्या शेतात पत्र्याचं कुंपण पडलं होतं. काकांची नवी त्रुटी तयारच होती: आकाशात उजेड फार आहे, आता कसला फोटो येतोय. म्हणजे फोटो नाही, म्हणजे पुणंही नाही. हे ऐकल्यावर काकूंनी बेसन भाजायला घेतलं.

काकांच्या सेक्टरचा लाइनमन रामपाल. ट्रान्सफॉर्मरच्या दुरुस्तीसाठी एक दिवस तासाभराचा शटडाउन घ्यायचाच होता. तो कधी घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. काकूंनी लाडवांचा डबा नेऊन दिला आणि म्हणाल्या, "भैया, एक शाम चाहिए. जिस दिन आँधी के बाद आसमान साफ हो." रामपालनं अशी मागणी आयुष्यात ऐकली नव्हती. लोक त्याच्याकडे लाइट मागायला येत. म्हणाला, "माताजी, आप पहली हैं जो बत्ती बुझाने को कह रही हैं. घर में सब ठीक है ना?"

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला एका दुपारी धुळीची आंधी आली, मागोमाग चार थेंब पडले, आणि संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं निघालं. काकूंचा मला फोन आला. "ये लौकर. आज लाइट जाणार आहे." मी पोचले, तेव्हा काका निवांत चहा पीत होते. काकूंनी त्यांना दुर्बीण लावायला गच्चीवर पिटाळलं. साडेआठ-नऊचा सुमार. आणि सगळा सेक्टर एका झटक्यात काळाठिक्कर पडला. रस्त्यावरचे दिवेही गेले. सप्तर्षी डोक्यावर इतके ठळक दिसले की मी मिनिटभर कॅमेरा विसरले.

काका थक्क होऊन वर बघत उभे राहिले. अशा अंधारात कसली त्रुटी काढणार? मग त्यांना ती सापडली. "अगं, लाइट गेली म्हणजे मोटर पण गेली! दुर्बीण फिरणार कशी?"

खरंच की. आमच्या दोघींच्या कारस्थानात मोटरचा विचारच झाला नव्हता. काकू माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. मग मी म्हणाले, "काका, हातानं फिरवा. बटण तर आहेच."

"पाऊण तास? मोटरशिवाय? सतत?"

"तुम्हीच आरसा हातानं घासलात ना?"

काका उत्तर देणार एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. हे आमच्या लक्षात यायलाच हवं होतं. उन्हाळ्यात दिल्लीत लाइट गेली की माणसं काय करतात? गच्चीवर येतात. सगळी बिल्डिंग वर यायला लागली. चटया, उश्या, सुरई, रडणारी मुलं, हातपंखे, आणि घरटी एक टॉर्च. सेठी आंटींनी तर पेट्रोमॅक्स आणली होती. तिचा उजेड दुर्बिणीत गेला असता तर संपलंच. काका अंधारात हसले, हे मला दिसलं नाही पण ऐकू आलं.

काकू पदर खोचून जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. दिल्लीत तीस वर्षं काढूनही त्यांचं हिंदी बाजारापुरतंच होतं, पण त्या दिवशी ते कुठून फुटलं कोण जाणे. "सेठी जी, वो बत्ती बुझाइए. सब टॉर्च बंद. कोई चलेगा नहीं, फर्श हिलता है. आज मेरे साहब की परीक्षा है."

"कैसी परीक्षा?" कुणीतरी विचारलं.

"तारे की. पास हो गए तो हम पूना जाएँगे."

आणि अख्खी गच्ची बसली. खरंच बसली. मुलांना मांडीवर घेतलं गेलं, सुरई हातोहात फिरली, कुणी उठेना. मी शटर उघडलं. काका छोट्या दुर्बिणीशी वाकले आणि त्यांनी बटण धरलं.

एवढी वर्षं फोटो काढताना मी वस्तूकडे बघत आले. त्या रात्री मी काकांकडे बघत होते. सगळा निकाल त्यांच्या दोन बोटांत होता. जरा ढील दिली की फोटो गेला, पुणं गेलं, आणि दोष मोटरचा. कुणी एका शब्दानं विचारलं नसतं. त्यांना हवं होतं ते निमित्त चालून आलं होतं, तेही बायकोनं स्वतः लाडू वाटून आणलेलं. मी वाट बघत होते, आता खोकतील, आता कंबर धरतील. घामाची धार त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून टपकत होती आणि ती पुसायलाही ते हात काढत नव्हते. काकू त्यांच्यामागे जमिनीवर बसल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी वारा घालायला पंखा उचलला होता, पण दुर्बीण हलेल म्हणून तो तसाच मांडीवर ठेवून दिला. त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, बाई देवाला साकडं घालते आहे.

मी शटर बंद केलं आणि म्हणाले, "झालं." काकांना सरळ होता येईना. सेठी साहेबांनी त्यांना धरून उभं केलं. लगेच लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते नीटसं न कळताच. थोड्या वेळानं लाइट आली आणि सगळे खाली टीव्ही लावायला पळाले.

तो रोल मी भाटियाजींकडे दिला नाही. माझ्या बाथरूममध्ये धुतला. निगेटिव्हवर तांदळाच्या दाण्याएवढा डाग होता. मोठा करून छापला तेव्हा ट्रेमधल्या पाण्यात आधी मधला गोळा वर आला, मग एक हात, मग दुसरा. दुसऱ्या हाताच्या टोकाला एक धाकटी दीर्घिका लटकलेली, आईचं बोट धरलेल्या पोरासारखी. फोटो दाणेदार होता, कडेला जरा धुरकट होता. माझ्या कुठल्याही ग्राहकानं तो परत पाठवला असता. मी लाल दिव्यात उभी राहून हसत होते आणि डोळ्यांत पाणीही होतं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून निघालेली ती पहिली गोष्ट होती, जिच्यात मी काहीही लपवलं नव्हतं.

फोटो काकांना दिला. या वेळी त्यांनी भिंग आणलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेले आणि तो काकूंसमोर ओट्यावर ठेवला. काकूंनी हात पुसले, फोटो उचलला, दूर धरला, जवळ धरला.

"हा खरा आहे," त्या म्हणाल्या. "खोटा असता तर नंदानं याहून सुंदर काढला असता."

एवढं खरं प्रशस्तिपत्र मला अजून कुणी दिलेलं नाही.

काकांनी चपला घातल्या आणि पुण्याची तिकिटं काढायला गेले. पावसाळ्याआधी त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं. दुर्बीण एका शाळेला दिली गेली. स्टेशनला जाणारी टॅक्सी निघाली तेव्हा काका पुढच्या सीटवर ताठ बसले होते आणि गच्चीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

शेजारच्या प्लॉटवर पुढे एका बिल्डरनं टॉवर उभे केले. ब्रोशरचं काम माझ्याकडेच आलं. त्याला आकाशगंगेवरून सोसायटीचं नाव द्यायचं होतं आणि मुखपृष्ठावर तसाच फोटो हवा होता. मी त्याच्यासमोर दोन्ही फोटो ठेवले आणि कोणता कशाचा हे मुद्दाम सांगितलं नाही. त्यानं क्षणात चहाचा उचलला. म्हणाला, "ये वाला रियल लगता है." त्यांच्या फाटकावर आजही तोच आहे, दोन मजले उंच, रात्रभर झगमगत. त्या झगमगाटात आता नोएडातून मरीचीसुद्धा मुश्किलीनं दिसतो. याचं मला वाईट वाटतं, आणि त्या ब्रोशरच्या पैशांतून मी नवी लेन्स घेतली हेही खरं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. मागे पुण्याला गेले होते तेव्हा काकूंना भेटले. नात कॉलेजात होती. फोटो काकूंच्या पलंगासमोर लावलेला. चहा झाल्यावर मी त्यांना चिडवलं, की त्या रात्री तुम्ही डोळे मिटून कुठल्या देवाला साकडं घातलं होतंत, पत्ता द्या, माझी पण दोन कामं अडली आहेत.

काकू फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाडू दिले तेव्हा मला पुण्याला यायचंच होतं गं. पण ते वाकून उभे राहिले आणि हलेचनात, तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस हातातली एकुलती गोष्ट स्वतःच्या हातानं संपवतोय. तेव्हापासून मी मनात एकच घोकत होते. सोडा हो. सोडा तो तारा. राहू आपण इथेच."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"पण यांनी माझं कधी ऐकलंय?"